खालची कडी

ताईचं दुसरं बाळंतपण आमच्याकडे झालं आणि त्या उन्हाळ्यात मी माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी केली. बिनपगारी, पूर्णवेळ आणि सुट्टीचं नाव नाही. खरं तर दुसरं बाळंतपण सासरी करायचं, अशी आमच्याकडची रीत. पण ताईच्या सासूबाईंनी ऐन वेळी गुडघा मोडून घेतला होता (आई असंच म्हणायची, जणू त्यांनी तो ठरवून मोडला), म्हणून ताई थोरल्या लेकीला, जुईला, घेऊन पनवेलहून नेरूळला आमच्या घरी आली. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. वर्गातल्या मुली गावाला गेल्या, कुणी संगणकाचा क्लास लावला, कुणी नुसत्याच लोळत होत्या. मला मात्र आईने बोलावून सांगितलं, "आता सव्वा महिना जुई तुझ्या स्वाधीन." प्रत्यक्षात झालं उलटंच. मीच जुईच्या स्वाधीन झाले.

जुई तेव्हा अडीच-पावणेतीन वर्षांची असेल. गोल चेहरा, कपाळावर येणारे केस आणि पायांत सातारच्या आमच्या आत्याने घातलेले चांदीचे पैंजण. त्या पैंजणांचं मी आजही देणं लागते. छुमछुम चालू आहे तोवर सगळं ठीक आणि ती थांबली की मी धावत सुटायची. कारण थांबलेली जुई म्हणजे गव्हाच्या डब्यात हात घातलेली जुई किंवा आईच्या टिकल्यांचं पाकीट फ्रिजवर रिकामं करणारी जुई. मी मुळात घाबरट. परीक्षेला जाताना पेन चालतंय ना हे चारदा बघणारी. अशा मुलीच्या हाती आईने घरातलं सगळ्यात अवघड काम दिलं होतं, हे आता विचार केला की मला आईचंच नवल वाटतं.

घर म्हणजे सिडकोच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, स्वयंपाकघर आणि आतली एक खोली. आतली खोली ताईची झाली. अप्पांनी खाटेच्या पायांखाली विटा लावून ती उंच केली, म्हणजे खाली शेगडी सरकवता येईल. खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला, पाळणा खिडकीपासून लांब, भिंतीकडे घेतला. सकाळी करावे गावातून कमळाबाई मालिशवाली यायची. ती गॅलरीत कोळसे फुलवायची, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून त्याला धुरी द्यायची आणि घट्ट बांधून पाळण्यात निजवायची. मग शेगडी खाटेखाली ढकलून ती ताईला न्हायला घेऊन जायची. ताई परत येईपर्यंत खाट चांगली तापलेली हवी. घरभर त्या धुराचा वास असायचा, त्यात स्वयंपाकघरातून डिंक तळल्याचा, मेथीचा, शेपूच्या भाजीचा आणि सुक्या खोबऱ्याच्या चटणीचा. माझ्या परीक्षेच्या वह्यांनासुद्धा ओव्याचा वास लागला होता. आजही कुणाच्या घरी ओवा भाजताना वास आला की मला आधी भूक लागते आणि मग एकदम छातीत धडधडतं, दोन्ही पाठोपाठ.

आईचा नियम असा, की सव्वा महिना बाहेरचा वारा बाळाला लागता कामा नये. बाहेरून आलेल्याने पाय धुवायचे, थोडं बसायचं आणि मगच आत डोकावायचं. अप्पा न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात होते, दिवसभर कंटेनरच्या धुळीत. ते बिचारे आंघोळ करून, कपडे बदलून, लांबूनच नातवाला बघायचे. आणि जुई एकदा खाली खेळायला गेली की दिवसातून दहादा आत-बाहेर करणार, म्हणून तिचं खाली जाणंच बंद. बाहेर ऊन मी म्हणत होतं ते वेगळंच. थोडक्यात, एक धडधाकट मूल चार भिंतींत कोंडायचं आणि त्याने आवाजही करायचा नाही, कारण बाळ झोपलंय. टीव्हीवर कार्टून लावायचं ते मुक्याने. जुई थोडा वेळ त्या हलणाऱ्या तोंडांकडे बघायची आणि मग विचारायची, "ते का बोलत नाई?"

मग मी खेळ काढत गेले. मटकी आणि तांदूळ एकत्र करून निवडायला द्यायचे. कपड्यांचे चिमटे स्वतःच्या फ्रॉकला लावून मोर व्हायचं. परातीत पाणी घेऊन एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायचं, आणि आई ओरडायच्या आत पुसायचं. सगळ्यात चालला तो अप्पांच्या सीलांचा खेळ. कंटेनरच्या दाराला लावतात ती प्लॅस्टिकची रंगीत सीलं असतात, तोडलेली. अप्पा त्यातली धुऊन-पुसून जुईसाठी खिशातून आणायचे. "काय गं बाय, आज कुठलं जहाज आलं?" असं विचारत मूठ उघडायचे. खोक्याचा कंटेनर, त्याला लाल सील, निळं सील. मी ड्रायव्हर आणि जुई साहेब. ती सील तपासून "जाव" म्हणायची तेव्हा ट्रक जायचा. दुसरा तिचा आवडता खेळ बाळंतिणीचा. कापडाच्या बाहुलीला कमळाबाईसारखं चोळायचं, बांधायचं आणि रिकाम्या वाटीवर धरून "धूई, धूई" करायचं. हुबेहूब करायची. आई हसून हसून पदर डोळ्यांना लावायची.

पण एकही खेळ कधी शेवटापर्यंत गेला नाही. मधेच आतून रडण्याचा आवाज यायचा आणि मी उठायची. "थांब हं जुई, बाळ रडतंय." आई तिला भरवत असायची, घास तसाच ताटलीत ठेवायची. "थांब हं, बाळ रडतंय." ताई तर काय, तिला टाके पडले होते, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे बाळ झाल्यापासून ताईने जुईला उचललंच नव्हतं. जुई खाटेपाशी उभी राहून दोन्ही हात वर करायची आणि ताई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "नंतर हं राणी." पुढे पुढे जुईने हात वर करणं सोडून दिलं. हे तेव्हा घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते दुसरंच. एकदा तिने बाळाच्या तळपायाला चिमटा काढला. एकदा मी पाणी प्यायला वळले, तेवढ्यात भिजवलेला हरभरा त्याच्या ओठांवर ठेवला. "बाळाला भूक." कमळाबाईने झडप घालून तो काढला म्हणून बरं. त्या दिवसापासून आईने फर्मान काढलं, जुईला बाळाजवळ एकटं सोडायचं नाही, डोळ्याची पापणी लवेपर्यंतसुद्धा नाही. मला झोपेतही हरभरे दिसायचे. दिवसभर मी त्या दोघांच्या मधे उभी. जुई मायेने वाकली तरी मी तिचा दंड धरायची. शेजारच्या बायका बघायला येऊन सांगायच्या, "सांभाळा हो, थोरल्याच्या मनात काय असतं ते कळत नाही." आणि मी जुईच्या तोंडाकडे बघत बसायची, तिच्या मनात काय आहे ते कळतंय का म्हणून.

रुसलेल्या जुईला हसवायचा आईचा एक हुकमी उपाय होता. जुई कोपऱ्यात तोंड करून बसली की आई म्हणायची, "बरं, हे बाळ नकोच आपल्याला. उद्या बोहारीण आली की तिला देऊन टाकू आणि एक छानसं पातेलं घेऊ. काय?" आमच्या लहानपणी हेच ऐकून आम्ही वाढलो होतो. मला तर कित्येक वर्षं वाटायचं, की फाटक्या साड्या देऊन आईने मला घेतलं. शेजारच्या काकूही तेच म्हणायच्या, कमळाबाईही म्हणायची. सगळे हसायचे, म्हणून जुईही हसायची. निदान आम्हाला तरी ते हसू वाटायचं.

त्या दिवशी सकाळचं सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बाळ न्हाऊन पाळण्यात झोपलेलं, शेगडी खाटेखाली, कमळाबाई ताईला घेऊन न्हाणीघरात. अशा वेळी खोलीत बसायची पाळी माझी. जुईही होती, पाळण्यापासून हातभर लांब, मांडीवर तिची गोधडी. ही गोधडी आजीच्या लुगड्याची, पार विरलेली. तिचं एक टोक गालाला लावल्याशिवाय जुईला झोप यायची नाही. ती धुवायला टाकायची तर जुई झोपल्यावर टाकावी लागे. मी मटकी निवडत होते. जिन्यात भांड्यांचा खणखणाट झाला आणि लांबलचक हाक आली, "भांऽऽडीवालीऽऽ!"

आईने बाहेरचं दार उघडलं. तिला कधीपासून मोठा टोप हवा होता. बोहारीण उंबऱ्याशी टोपली टेकवून बसली, आईने अप्पांचे जुने शर्ट पुढे टाकले आणि दोघींची घासाघीस सुरू झाली. हॉलमधला शब्द न् शब्द आत येत होता.

"बस, एवढंच? एवढ्यात टोप नाय होत ताई," बोहारीण म्हणाली. "और काय असेल तर काढा ना. आत हाय काय?"

"आहे ना आत. थांब, आणायला सांगते," आई म्हणाली आणि मला हाक मारली, "अगं, माळ्यावरचं गाठोडं काढ बघू. माझा हात नाही पोचत."

माळा हॉलमध्ये, खोलीच्या दारापासून चार पावलांवर. मी स्टूल घेतलं, दार उघडंच ठेवलं, एक डोळा दाराकडे ठेवून गाठोड्याला हात घातला. तेवढ्यात दार धाडकन लागलं. पैंजण वाजले. आणि खालची कडी सरकल्याचा आवाज आला.

तो आवाजसुद्धा धड आला नाही, कारण बाळाची झोप मोडू नये म्हणून अप्पांनीच आदल्या रविवारी घरातल्या सगळ्या कड्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं होतं. एरवी ती कडी मला दोन्ही हातांनी ओढावी लागायची. आता अडीच वर्षांच्या बोटानेही सरकत होती.

मी गाठोडं टाकलं. "जुई, कडी काढ."

"नाई."

"काढ गं राणी. बघ मी काय आणलंय."

"नाई!"

आत बाळ दाराच्या आवाजाने जागं होऊन रडायला लागलं. आई धावत आली, मागे बोहारीण, हातात टोप तसाच. आईचा चेहरा एकदम उतरला. "अगं, शेगडी!" ती म्हणाली. मला शेगडी कधीचीच दिसत होती. मला वाटीवर धरलेली कापडी बाहुली दिसत होती. "धूई, धूई." तो खेळ मीच तिच्याबरोबर रोज खेळत होते, म्हणून ती आत काय काय करू शकेल ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"जुई! दार उघड, नाहीतर फटका देईन!" आई ओरडली.

"आई, ओरडू नकोस. ती घाबरून पळेल. आत पळायला जागा कुठे आहे?" आईला मी असं कधी बोलले नव्हते. ती दारापासून मागे सरली.

कमळाबाई तेलाच्या हातांनी बाहेर आली. "काय झाला गो? पोर का रडतंय?" आणि कळल्यावर, "अरे देवा! दार फोरा मंग!" न्हाणीघरातून ताई विचारत होती, "बाळ का रडतंय? कुणीतरी घ्या ना त्याला!" आईने नुसतंच "घेते, घेते" म्हटलं. दार फोडायला घरात पुरुष नाही, आणि फोडलं तर पलीकडे जुईच उभी असली तर?

मी फरशीवर पालथी पडले. दाराखाली बोटभर फट होती. गाल जमिनीला लावला, तेव्हा विटा दिसल्या, खाटेचे पाय दिसले, शेगडीचा लाल उजेड दिसला आणि पाळण्यापाशी दोन छोटी पावलं. मला थोडं हायसं वाटलं, कारण पावलं शेगडीपासून लांब होती. मग ती हलली. छुम, छुम, खाटेकडे.

"साहेब!" मी फटीतून हाक मारली. "साहेब, ट्रक आलाय. सील बघा!" आईने धावत जाऊन सीलांचा डबा आणला. मी एक लाल सील फटीतून आत सरकवलं. पावलं थांबली. दुसरं सरकवलं, निळं. पावलं दाराकडे आली, एक हात खाली आला, सील उचललं. "साहेब, गेट उघडा. ट्रक उभा आहे." तिचा श्वास मला ऐकू येत होता, इतकी ती जवळ होती.

"नाई जाव," ती म्हणाली आणि परत गेली.

मी उरलेली सीलं एकेक करून आत घालत राहिले. ती उचलायला कुणी आलं नाही. बाळाचं रडणं वाढत गेलं आणि त्यात पैंजण ऐकू येईनासे झाले. मग मला फटीतून दिसलं, की काहीतरी कापड जमिनीवरून फरपटत चाललंय. गोधडी. ती खाटेच्या कडेकडेने चालली होती, तिचं मागचं टोक शेगडीला घासून गेलं आणि कापूस जळल्याचा वास आला. आयुष्यात मी पुढे पुष्कळ घाबरले, मुलांच्या आजारपणात, आईच्या शेवटच्या दिवसांत. पण तशी भीती पुन्हा वाटली नाही.

"जुई," मी कसंबसं म्हटलं, "गोधडी घेऊन माझ्याकडे ये. शेगडी हाऽ आहे ना, हाऽ, भाजतं? लांब हो."

पावलं दाराजवळ आली. गोधडीही आली. फक्त धुरकट वास, ज्वाळा नाही. दाराला चिकटून ती हळूच म्हणाली, "ती गेली?"

"कोण ती?"

"भांडीवाली."

मला अजून कळलं नव्हतं. "ती का जायला हवी?"

"बाळ नाई देनार," जुई म्हणाली आणि रडायला लागली. "पातेलं नको. माझं बाळ हाय."

मी मान वळवून आईकडे पाहिलं. आईने ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आमची आई कुणापुढे हार मानणारी बाई नव्हे. पण ती वळली, बोहारणीच्या हातातला टोप तिच्याच टोपलीत ठेवला आणि दाराला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "आम्हाला काही द्यायचं नाही हं! आमच्या घरातलं काहीच देणार नाही. जा तू."

"मी काय केला ताई?" बोहारीण गोंधळून म्हणाली. शर्ट तिच्या काखेतच होते. आईने हात जोडले आणि खोलीच्या बंद दाराकडे खूण केली. बाई एकदा दाराकडे, एकदा जमिनीवर पडलेल्या माझ्याकडे बघत राहिली. मग काय समजली देव जाणे, तिनेही मोठ्याने सांगितलं, "बरं बरं, चालली मी. मला नको बाळबीळ." टोपली डोक्यावर घेऊन ती मुद्दाम भांडी वाजवत जिना उतरली. खाली गेल्यावर तिची हाक आली. मग पुढच्या इमारतीपाशी. मग आणखी लांब. आम्ही सगळ्या जणी ती हाक लांब जाताना ऐकत होतो, आणि आतही कुणीतरी ऐकत होतं.

कडी सरकली.

आई आणि कमळाबाई माझ्या अंगावरूनच आत धावल्या, एकीने शेगडी ओढली, दुसरी पाळण्याकडे गेली. जुई दारात उभी होती. तोंड रडून लाल, एका मुठीत लाल सील, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली ती गोधडी. तिचं एक टोक तपकिरी झालं होतं, जळून कुरकुरीत. ती गोधडी तिने माझ्यापुढे धरली.

"ती परत आली ना, तर हे दे," ती म्हणाली.

जुई आता ऐरोलीला नोकरी करते, धाकट्या भावावर चिक्कार हुकूम गाजवते आणि यातलं तिला काही आठवत नाही. आमची ती इमारत पाडून नवी बांधतायत. मी मात्र अजून कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची खालची कडी बघते, आणि लहान मूल असेल तर ती काढून टाका म्हणून सांगते. लोकांना ते विचित्र वाटतं. बाळाला कुणी थट्टेत बोहारणीला द्यायला निघालं, तर मी तिथून उठून जाते.

पण मला सांगायचंय ते त्या क्षणाचं. मी गोधडी हातात घेऊन तशीच बसले होते. ताई न्हाणीघराच्या दारात आली होती, ओल्या केसांनी, गाऊन अर्धवट चढवलेला, भिंतीचा आधार घेत. तिने किती ऐकलं ते मला माहीत नाही. बाळ आत टाहो फोडत होतं. मला वाटलं, ती धावत पाळण्याकडे जाईल. ती जुईसमोर येऊन थांबली आणि वाकली.

"अगं टाके! टाके आहेत तुझे!" आई आतून ओरडली.

ताईने जुईला उचललं. जुईने आधी अंग चोरलं, जणू तिला कसं बसायचं ते आठवत नव्हतं. मग तिचे पाय ताईच्या कमरेभोवती गेले आणि तोंड ओल्या केसांत. पैंजण एकदा वाजले आणि थांबले. मी सवयीने उठायला लागले, सवयीनेच तोंडात शब्दही आले, "थांब हं जुई, बाळ..."

"रडू दे त्याला जरा," ताई म्हणाली.